खाणाऱ्यालाच देव मानणारी माणसं

आश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस करतो. दिवाळीचा पहिला दिवा त्या संध्याकाळी लागतो, दारात गाय-वासराला ओवाळलं जातं, उपास करणाऱ्या बायका त्या दिवशी गहू-मूग वर्ज्य करतात. नेमक्या त्याच तिथीला अकोले, जुन्नर, जव्हार या डोंगरपट्ट्यातल्या कितीतरी गावांत आणि पाड्यांवर पूजा होते ती वाघाची. तिथे या दिवसाचं नाव वाघबारस. गुराखी पोरं आणि गावकरी शिवेवरच्या वाघोबापाशी जमतात, त्याला शेंदूर लावतात, नारळ फोडतात, कुठे तांदळाची खीर शिजते, कुठे कोंबडा कापला जातो. पंचांगातला दिवस एकच. शहरात आणि सपाटीवर तो गाईचा, रानाच्या कडेला तो गाय खाणाऱ्याचा.

काळजी दोन्हीकडे एकच आहे, गुरंढोरं सुखरूप राहावीत. पण गाईला ओवाळणं सोपं असतं, ती दूध देते. जो रात्री गोठ्यात शिरून वासरू ओढून नेतो, प्रसंगी माणसावरही झडप घालतो, त्याच्यापुढे हात जोडून त्याला जेवायला बोलवायचं, याला वेगळी छाती लागते. ती छाती वारली, महादेव कोळी, ठाकर, कोकणा या लोकांनी पिढ्यानपिढ्या दाखवली आहे.

जंगलातल्या जमातीचा हिंस्र देव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातलं चित्र उभं राहतं. मशाली, ढोल, दगडात कोरलेला अक्राळविक्राळ जबडा आणि त्यात ढकलला जाणारा बळी. लेखकांनी कल्पनेतून अशा किती जमाती उभ्या केल्या आणि प्रत्येकीच्या माथी एक रक्ताला चटावलेला देव मारला. त्या गोष्टींत देव हुकूम सोडतो आणि माणसं थरथरत तो पाळतात. खऱ्या रानातल्या माणसांचा व्यवहार पाहिला की थक्क व्हायला होतं, कारण तिथे अटी घालतात ती माणसं. देवाला त्याचा वाटा ठरवून दिला जातो, त्याची हद्द आखली जाते आणि त्याच्याकडून शब्द घेतला जातो.

वाघोबाची ठाणी कुठे असतात ते आधी पाहा. गावाच्या मध्यावर क्वचितच. शिवेवर, खिंडीत, झाडाखाली, पायवाट जिथे रानात शिरते तिथे. पालघरहून मनोरला जाणाऱ्या रस्त्यावर वाघोबा खिंड आहे, तिथे येणारे-जाणारे आजही हात जोडून पुढे जातात. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या पट्ट्यात संशोधकांनी वाघोबाची सुमारे दीडशे ठिकाणं नोंदवली, तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे लोकलच्या आवाजाच्या टप्प्यात, आरेच्या आणि बोरिवलीच्या रानालगतच्या पाड्यांवरही हा देव नांदतो आहे. तिथे पट्टेरी वाघ आता उरलेला नाही, पण या लोकांच्या हिशेबी बिबट्याही वाघच. २०१५ साली संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि आसपासच्या रानात लावलेल्या कॅमेऱ्यांनी ३५ बिबटे टिपले होते. देवाची जागा रिकामी राहिलेली नाही.

मूर्ती म्हणाल तर जुनी रूपं दगडाची किंवा लाकडी फळीची. डांगात आणि त्याला लागून असलेल्या आपल्या भागात फळीवर बाजूने दिसणारा वाघ कोरलेला असतो. त्याच्या वर एका अंगाला सूर्य, दुसऱ्या अंगाला चंद्र. बऱ्याचदा एक नागही असतो. वर्षानुवर्षं शेंदराचे थर चढत जातात आणि वाघाचे कान, पंजे, जबडा हळूहळू गोलसर होऊन त्या केशरी थरात बुडून जातात. अलीकडच्या ठाण्यांवर फरशी लागलेली दिसते, सिमेंटचा वाघ असतो, त्याला पिवळा ऑइलपेंट, वर काळे पट्टे किंवा ठिपके. पायाशी नारळाच्या करवंट्या, अगरबत्तीच्या काड्या.

त्या सूर्य-चंद्रांपाशी मी पुन्हा पुन्हा अडखळतो. वाघाच्या डोक्यावर त्यांचं काय काम? कोकणातल्या शिलाहारकाळातल्या गद्धेगळी आठवून पाहा. दान दिलेल्या जमिनीचा शिलालेख, तो मोडणाऱ्याला शिवी, आणि सगळ्यात वर सूर्य-चंद्र. अर्थ असा की जोवर सूर्य-चंद्र आहेत तोवर हा शब्द मोडायचा नाही. वाघोबाच्या फळीवरचे सूर्य-चंद्र त्याच अर्थाने आले असतील असं ठामपणे म्हणता येणार नाही, हा माझा तर्क आहे. पण शिवेवर रोवलेली फळी, तिच्यावर दोन पक्षांपैकी एकाचं चित्र आणि माथ्यावर कायमचे साक्षीदार, हे सगळं मला तरी दस्तऐवजासारखं दिसतं.

आणि करार कसा झाला याची गोष्टही वारली सांगतात. तपशील पाड्यागणिक बदलतात, सांगाडा साधारण असा. एका अविवाहित मुलीला मूल झालं. ते मूल माणसाचं होतं आणि वाघाचंही, मनात येईल तेव्हा वाघ होणारं. मोठं होता होता ते गावातली गुरं मारू लागलं. लोक चिडले, अंगावर धावून आले. आई मधे पडली. तिने पोराला सांगितलं, तू रानात राहा, गावाला त्रास देऊ नकोस, गाव तुझं ठाणं बांधेल आणि वर्षातून एकदा तुला जेवायला घालेल. पोर रानात गेलं. गावाने शब्द पाळला. तीच वाघबारस.

या गोष्टीत वाघ कुठल्या पाताळातून आलेला राक्षस नाही. तो गावच्याच लेकीच्या पोटचा आहे. घराबाहेर राहावं लागलेला, पण घरचा. म्हणून त्याला दटावता येतं. अकोल्याकडच्या काही गावांत वाघबारसेला हे प्रत्यक्ष खेळून दाखवतात. एखादा पोरगा वाघ होतो, कुणी अस्वल होतो, कुणी कोल्हा. बाकीचे त्यांना घेरतात, पुन्हा आमच्या शिवारात येशील का म्हणून दरडावून विचारतात, नाही म्हणून कबूल करून घेतात आणि हुसकावून लावतात. आधी पूजा, मग समज. ज्याच्याशी आपलं नातं आहे त्याच्याशीच माणूस असं वागतो. परक्याला कुणी असं सुनावत नाही.

पूजा केली म्हणून शेळी वाचते असं नाही, आणि हे त्या लोकांइतकं कुणालाच ठाऊक नसतं. बिबट्या येतो, कुत्रं उचलतो, करडू नेतो. मग कुणी म्हणतं वर्षाचं देणं राहून गेलं होतं, कुणी म्हणतं त्याचा वाटा त्याने नेला. नुकसान होतं, रडारडही होते, पण झालेली गोष्ट एका हिशेबात बसते. कुठे काय चुकलं हे शोधायला जागा राहते. भीती नाहीशी करायचा हा मार्ग नव्हे. भीतीसकट शेजारी राहायचा आहे.

याच्या नेमका उलट मार्गही या देशाने पाहिला आहे. इंग्रजी अमलात हिंस्र जनावरांना उपद्रवी ठरवून त्यांच्या मुंडक्यांवर सरकारी इनाम लावलं गेलं. इतिहासकार महेश रंगराजन यांनी त्या नोंदींचा हिशेब मांडला आहे. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,००० हून अधिक वाघ आणि दीड लाखाहून अधिक बिबटे मारले गेले. त्याच पन्नास वर्षांत शिवेवरच्या फळ्यांना शेंदूर लागत होता.

शिकाऱ्याशी तह करायची ही कल्पना एकट्या सह्याद्रीची नाही. सुंदरबनात चला. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी भरती-ओहोटीचं रान, जिथे वाघ पोहत खाड्या ओलांडतो. तिथला वाघाचा स्वामी दक्षिण राय. तो वाघाचं रूप घेतो आणि सगळ्या रानावर हक्क सांगतो. त्याला आवर घालायला येते बोनबीबी. तिची पोथी बंगालीत, पण पानं उजवीकडून डावीकडे उलटायची, अरबी ग्रंथासारखी. हिंदू आणि मुसलमान दोघंही रानात शिरण्याआधी तिचंच नाव घेतात. पोथीतली गोष्ट मधाच्या शोधात निघालेल्या धोना नावाच्या लोभी व्यापाऱ्याची. दक्षिण राय त्याला सांगतो, नावा भरून मध आणि मेण देतो, बदल्यात तुझ्याबरोबरचा तो गरीब पोरगा दुखे मला दे. धोना पोराला किनाऱ्यावर सोडून नावा हाकारतो. वाघ झेप घेणार तोच दुखे बोनबीबीला हाक मारतो आणि ती धावून येते.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते यापुढे घडतं. बोनबीबी दक्षिण रायाला मारून टाकत नाही. त्याला हरवलं जातं, मग तोड निघते. रान त्याचंही राहतं. माणसाने गरजेपुरतंच घ्यायचं, मन निर्मळ ठेवून रिकाम्या हाताने आत शिरायचं, आणि अशा माणसाला वाघाने हात लावायचा नाही. मध काढायला जाणारे मौले आजही हे पाळतात. तरीही दर वर्षी त्यांच्यातली काही माणसं परत येत नाहीत. ज्या गावात वाघाने नेलेल्यांच्या विधवा राहतात, त्याच गावात बोनबीबीच्या देवळात वाघाचीही मातीची मूर्ती बसवलेली असते.

मगरीचंही असंच. दक्षिण गुजरातेत तापी जिल्ह्यात देवळीमाडी इथे मगरदेव आहे. गामित, चौधरी, वसावा हे लोक लाकडात कोरलेल्या मगरीला शेंदूर लावून नवस बोलतात. एबरहार्ड फिशर आणि हकू शाह यांनी १९७१ साली या देवावर आख्खं पुस्तक लिहिलं. गोव्यात दुर्भाट आणि आसपासच्या गावांत पौष अमावास्येला मांगे थापणी होते. खाजन शेतीच्या बांधाजवळ ओल्या मातीची मगर थापतात, शिंपल्यांनी सजवतात आणि तिची पूजा करतात. खाडीचं पाणी, बांध, भात आणि मगर यांचा रोजचा संबंध असलेल्या शेतकऱ्यांनी ठरवलेली ही वार्षिक भेट.

आता पुन्हा वाघोबाच्या मुलखात येऊ, कारण तिथे या शतकात जे घडलं ते समजून घेण्यासारखं आहे.

जुन्नर भागात २००१ च्या सुमारास बिबट्यांच्या तक्रारी वाढल्या तेव्हा त्यांना पिंजऱ्यात पकडून दूरच्या रानात सोडण्याचा सपाटा लागला. हेतू चांगला होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला तेव्हा दिसलं की आधी वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले होत होते, ते या स्थलांतरानंतर १७ वर गेले. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर, हद्द विस्कटलेली, वाटा माहीत नाहीत, आसपासची माणसं त्याला परकी आणि तोही माणसांना परका. वाघोबाच्या गोष्टीतली पहिली अट काय होती? तू तिथे, आम्ही इथे, दोघांना एकमेकांची जागा माहीत. ती अटच मोडली होती. जुने लोक जीवशास्त्राच्या भाषेत बोलत नव्हते, पण जनावराला त्याचा मुलूख असतो हे त्यांनी शिवेवर फळी रोवून मांडून ठेवलं होतं.

त्याच अत्रेय पुढे अकोले तालुक्यात गेल्या. रान म्हणावं असं तिथे जवळपास नव्हतं. ऊस, मका, वस्त्या, रस्ते. दर चौरस किलोमीटरला साडेतीनशेहून जास्त माणसं. कॅमेरे लावले तेव्हा १०० चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे सापडले. हे २०१३ साली प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या वन्यजीव अभ्यासकांनी डोळे चोळून ते आकडे पाहिले. एवढे बिबटे, एवढी माणसं, आणि अभ्यासाच्या काळात एकही माणूस दगावला नाही. बिबटे मुख्यतः गावातल्या कुत्र्यांवर जगत होते. हे सगळं वाघोबामुळे, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण ज्या गावांना बिबट्या दिसला की ताबडतोब पिंजराच आठवत नाही, त्या गावांच्या मनाची मशागत कुणीतरी केलेली असते.

टाकळी ढोकेश्वरजवळ २००९ साली एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. त्याला काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेजच्या रानात सोडलं. त्याचं नाव ठेवलं आजोबा. मराठीत त्याच्यावर सिनेमाही आला. हा आजोबा महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालून, महामार्ग ओलांडून, कसाऱ्याजवळचा लोहमार्ग पार करून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत आला. त्याच्या वाटेचा नकाशा काढला तर तो महादेव कोळ्यांच्या गावांपासून वारल्यांच्या पाड्यांपर्यंत सरळ वाघोबाच्या मुलखातून जातो. वाटेत असंख्य वस्त्या होत्या. त्याने कुणाला इजा केल्याची नोंद नाही. २०११ साली महामार्गावर गाडीच्या धडकेने तो गेला.

सगळीकडे हे असंच चालू आहे असं सांगून मी वाचकाला फसवणार नाही. जुन्नर-शिरूरच्या ऊसपट्ट्यात अलीकडे माणसं मेली आहेत, लहान मुलं मेली आहेत, आणि तिथला संताप खरा आहे. बिबटीण उसात विते, तिची पिल्लं उसातच वाढतात आणि उसालाच रान समजतात. डोंगरकडेच्या खिंडीत आखलेली हद्द धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या उसाला लागू पडत नाही. तिथे गाव कुठे संपतं आणि रान कुठे सुरू होतं हेच ठरवता येत नाही. ज्या आईचं मूल गेलं तिला वाघोबाची गोष्ट सांगायला जाऊ नये. तिथे नव्याने काही ठरावं लागेल: बंदिस्त गोठे, वस्तीवर उजेड, वेळेवर नुकसानभरपाई आणि जनावराच्या सवयी जाणणारे वनकर्मचारी.

जुना करार अजून पुरता जिवंत आहे तो मुलूख बराच लांब आहे. अरुणाचलात, दिबांग खोऱ्यात, इदू मिश्मी लोक राहतात. त्यांच्या लेखी वाघ हा देवाहून जवळचा आहे, तो थोरला भाऊ. एकाच आईचे दोन मुलगे, एक माणूस, एक वाघ. एकदा माणसाने हरीण मारलं आणि ते भावाजवळ ठेवून तो सरपण आणायला गेला. परत येऊन पाहतो तर वाघ कच्चं मांस खातोय. माणसाच्या पोटात गोळा आला. हा कच्चं खातो, उद्या मलाही खाईल. त्याने आईला सांगितलं. आईने पैज लावली, जो आधी नदीच्या पलीकडच्या काठाला पोचेल तो जिंकला. वाघ पाण्यातून निघाला, माणूस पुलावरून. वाघ पुढे जातोय असं दिसताच आईने त्याच्या अंगावर मुंग्या टाकल्या. तो खाजवत राहिला, मागे पडला. माणूस आधी पोचला आणि त्याने भावाला बाण मारला. वाघाचं प्रेत वाहत गेलं. पुढे कितीतरी वर्षांनी एका पक्ष्याला त्याची पांढरी हाडं दिसली, त्याला ती अंडी वाटली, त्याने ती उबवली आणि त्यांतून सगळे वाघ जन्मले.

अपराध कुणाचा ते या गोष्टीने लपवलेलं नाही. आईने एका लेकाला झुकतं माप दिलं आणि माणसाने भावाचा जीव घेतला. म्हणूनच इदू मिश्मींमध्ये वाघ मारणं म्हणजे मनुष्यहत्या. चुकून किंवा नाइलाजाने तसं झालंच, तर माणूस मेल्यावर करतात तसा विधी इगूकडून, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्याकडून, करून घ्यावा लागतो. तो खर्चिक असतो, त्यात कडक पथ्यं असतात, आणि मारणाऱ्याच्या घरावर त्याची सावली राहते ती राहतेच. या मुलखाचा अभ्यास करणाऱ्या अंबिका ऐयादुराई यांनी २०२१ साली आपल्या पुस्तकाचं नावच वाघ आमचे भाऊ आहेत या अर्थाचं ठेवलं.

या भाऊबंदकीचं फळ २०१८ मध्ये जगापुढे आलं. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी तिथे कॅमेरे लावले होते. त्यांना ११ वाघ दिसले, पिल्लांसह, आणि एक तर ३,६३० मीटर उंचीवर, बर्फाच्या मुलखात. हे रान तेव्हा व्याघ्र प्रकल्प नव्हतं. यांतले बरेच वाघ अभयारण्याच्याही बाहेर, इदू मिश्मींच्या स्वतःच्या रानात होते, जिथे ते शिकारीला जातात, गुरं सोडतात.

त्यानंतर दिबांगला व्याघ्र प्रकल्प करण्याचा प्रस्ताव पुढे आला, आणि इदू मिश्मींनीच त्याला विरोध केला. वाघ नकोत म्हणून हा विरोध नव्हता. वाघ राहिले ते आमच्या पथ्यांमुळे, असं त्यांचं म्हणणं. उद्या रानाची हद्द बाहेरून आखली, त्यांना त्यांच्याच रानात शिरायला परवाना लागला आणि वाघ सरकारचा झाला, तर त्या पथ्यांना काय आधार उरेल, असं ते विचारतात. वाघाशी आपलं नातं जसं आहे तसंच धरून चालणारी, त्यांच्या रीतींनी चालवलेली वेगळी व्यवस्था त्यांनी मागितली आहे. आपल्या कायद्यात अभयारण्य आहे, राष्ट्रीय उद्यान आहे, व्याघ्र प्रकल्प आहे. भावाच्या रखवालीसाठी मात्र त्यात अजून वेगळं कलम नाही, आणि इदू मिश्मी ते मागत आहेत.